क्लोरीन आहे, तरी शेवाळ का?



घरच्या स्विमिंग पूलबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: "टेस्ट किटवर क्लोरीन बरोबर दाखवतंय, तरी टाइल्सच्या सांध्यांत शेवाळ येतंच." मग माणूस आणखी क्लोरीन टाकतो. खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो: आपण नेमकं काय मोजतोय?

पाण्यात क्लोरीन मुख्यतः दोन रूपांत असतं: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन. पहिल्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते पेशीत सहज शिरतं. दुसऱ्यावर ऋणभार असतो, ते बाहेरच अडतं. किट मात्र दोघांची बेरीज सांगतं. वाटणी ठरवतो पीएच. 7.5 ला साधारण निम्मं-निम्मं, आणि 8.5 ला हायपोक्लोरस आम्ल जेमतेम एक दशांश. म्हणजे किटवर आकडा तोच, पण कामाचं क्लोरीन पाचपट कमी! त्यात शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच आणखी वर जातो.

हे गणित साध्या क्लोरीनचं. ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरल्या की सायन्युरिक आम्लही पाण्यात येतं. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं, ही चांगली बाजू. पण ते उडून जात नाही, साठत राहतं. मग बरंचसं क्लोरीन त्यालाच बांधलेलं राहतं, आणि किट तेही मोजतं. यावर सोपा उपाय एकच: थोडं पाणी काढून ताजं भरायचं.

तिसरी गोष्ट, नमुना कुठला? आपण पाणी घेतो मधलं. शेवाळ असतं ग्राउटच्या खडबडीत छिद्रांत, चिकट थराखाली. तिथे क्लोरीन नीट पोचतच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणा, मग नायलॉनच्या ब्रशने सांधे घासून थर फोडा, आणि संध्याकाळी क्लोरीन टाकून फिल्टर चालू ठेवा. ऊन नसल्याने ते रात्रभर टिकतं.

टाइल्सवरचा पांढरा थर हा वेगळा विषय. तो बहुतेकदा कॅल्शियम कार्बोनेट असतो, विशेषतः बोअरच्या जड पाण्यात. तो आम्लाने निघतो खरा, पण सिमेंटचं ग्राउटही आम्लात झिजतं, आणि झिजलेल्या ग्राउटमध्ये शेवाळाला आणखी जागा मिळते. म्हणून आधी ब्रश, मग गरज पडली तरच सौम्य आम्ल. आणि आम्ल व क्लोरीनचं रसायन कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता तुमच्या स्वतःच्या प्रयोगाकडे वळा. उपकरण दाखवतंय तो आकडा कशाकशाची बेरीज आहे? आणि नमुना घेतलाय तिथेच ती घटना घडतेय का? सिनॉप्सिस लिहायच्या आधी या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवा.