आधी खर्च, मग अनुदान

आदिलाबादला समुद्र नाही. पैनगंगा आहे, काळी जमीन आहे, कापूस आहे. मी इथे एका अडत दुकानात हिशेब लिहितो. पुतणी समुद्रातल्या सूक्ष्म जिवांवर पीएचडी करायला गोव्याला निघाली तेव्हा मीच विचारलं होतं, याचा आपल्याला उपयोग काय? "काका, तुमचा पाऊस येतो कुठून?" एवढंच ती म्हणाली.

हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा जास्त तापली, तर आपल्या पावसाला बहुधा बळ मिळतं. हा चढउतार शास्त्रज्ञांनी ओळखला तो १९९९ साली. त्यांत भारतीयही होते. पुतणीचं काम वेगळं आहे. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या आसपास कोणते जीव तगतात, हे ती पाहते.

एवढा समुद्र एका देशाच्या जहाजांनी मोजून होत नाही. म्हणून परिषदा. कोणाचं जहाज कुठे जाणार, त्यावर कोणाला जागा, नमुने कोण तपासणार, हे तिथे ठरतं. पुष्कळदा चहाच्या सुट्टीत. (ऑनलाइन बसणाऱ्याला तो चहा मिळत नाही.) १९६२ ते ६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आपली तरुण मुलं परदेशी जहाजांवर शिकली, आणि १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. २०१५ मध्ये गोव्यातूनच दुसरी मोहीम सुरू झाली. तिच्यात नवख्या संशोधकांचं वेगळं जाळं आहे.

अशा परिषदांना जायला पैशाची सोय अगदीच नाही असं नाही. शोधनिबंध मांडणाऱ्याला विमानभाडं देणारी सरकारी योजना आहे. 'स्कॉर' ही १९५७ पासूनची जागतिक समिती विकसनशील देशांतल्या संशोधकांना प्रवासखर्च देते. पण बऱ्याच अनुदानांची रीत अशी, की आधी खिशातून घाला, परत या, बिलं जोडा, वाट पाहा. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये मिळतात. त्यातून भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे गेल्यावर युरोपचं तिकीट कशातून काढायचं? पेरणीला उचल न देता माल आल्यावर पैसे देऊ म्हणणाऱ्या अडत्याकडे आमच्या भागात कोणी फिरकणार नाही.

पुतणीच्या तिकिटासाठी मी मालकांकडून माझ्या पगारावर उचल घेतली. अनुदान आलं, पण कापसाचा हंगाम उलटून गेल्यावर. ज्यांच्या घरी कोणाला उचल मिळत नाही, त्यांची मुलं अर्जच करत नसतील, असं मला वाटतं.

काही आयोजक तिकीट स्वतःच काढून देतात. सगळ्यांनी तसं करायला हरकत काय? आणि काही बैठका हैदराबादला ठेवाव्यात. दुसऱ्या मोहिमेचं एक कार्यालय तिथल्या 'इन्कॉइस' या समुद्र-माहिती संस्थेतच आहे. आमच्याकडून रात्री गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. व्हिसाही लागत नाही.