डेगाना : बंद पडलेली टंगस्टनची खाण

खनिज आणि धातुक यांतील फरक आपण यापूर्वी पाहिला आहे. राजस्थानातील नागौर जिल्ह्यातील डेगाना येथील खाणीच्या उदाहरणावरून तो अधिक स्पष्ट होईल.

थरच्या वाळवंटाच्या पूर्व कडेला असलेल्या या गावाजवळ रेवत नावाची टेकडी आहे. भूगर्भातून वर आलेला शिलारस येथील जुन्या फायलाइट खडकांत घुसला व थिजून त्याचा ग्रॅनाइट बनला. अखेरीस उरलेल्या उष्ण द्रावांत टंगस्टन एकवटले. हे द्राव खडकांच्या भेगांत शिरले आणि तेथे गारगोटीच्या शिरांत वुल्फ्रमाइट हे काळसर, जड खनिज साचले.

टंगस्टन सुमारे ३,४०० अंश सेल्सिअसला वितळते. ते मिसळलेले पोलाद तापले तरी कठीण राहते. म्हणून युद्धसाहित्य घडविणाऱ्या हत्यारांसाठी त्याला मोठी मागणी असते. साहजिकच दोन्ही महायुद्धांच्या काळात डेगानाच्या खाणीला महत्त्व आले. पुढे १९९० च्या दशकात चीनमधील स्वस्त टंगस्टनपुढे येथील उत्पादन परवडेनासे झाले. खाण बंद पडली आणि तिच्यावर पोट असलेल्यांचा रोजगार गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. टेकडीतील खनिज संपले नव्हते. उतरला होता तो भाव. खनिज निसर्ग घडवतो. ते धातुक ठरेल की नाही, हे मात्र बाजारभाव व तंत्रज्ञान ठरवतात. आपल्या नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना परिसरातही टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. तेथील साठ्यांना हाच निकष लावून स्वतः विचार करून पाहा.