नेरचं ऊन: पळस, बावची आणि कापूस

अमरावतीहून यवतमाळकडे निघालं की वाटेत नेर लागतं; कागदोपत्री नेर परसोपंत. काळी माती, कपाशी, तूर आणि मार्चमध्ये पानं झाडून लालभडक झालेला पळस. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यातला दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवरची ती शेवटची पायरी. अशा मुलखात ‘वनौषधी सनस्क्रीन’ खपलं नाही तरच नवल.

कल्पनेत तथ्य आहे. झाडाला सावलीत पळता येत नाही, म्हणून ते पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइडं साठवतं आणि अतिनील किरण तिथेच शोषून घेतं. पळसफुलातली ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन ही द्रव्यं याच कुळातली. मग अर्क काढून चेहऱ्याला का लावू नये?

फार्मसीच्या विद्यार्थ्यांचा हा लाडका प्रकल्प. अर्क अल्कोहोलात विरघळवायचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये सात नोंदी घ्यायच्या, ब्राझीलच्या मन्सूर यांच्या १९८६ च्या सूत्रात बसवायच्या, की एसपीएफ तयार. रायपूरच्या कौर आणि सराफ यांनी २०१० मध्ये अशाच मोजणीत खोबरेल तेलाला सुमारे ७ एसपीएफ दिला आणि तो आकडा गावोगाव फिरला. पण कुपीतलं द्रावण म्हणजे घामेजलेली कातडी नव्हे. थर किती जाड बसला, द्रव्य उन्हात किती टिकलं, हे त्यात येत नाही. ३२० च्या पुढचे, सुरकुत्या आणणारे यूव्ही-ए किरण तर हिशेबातच नसतात. हळदीतलं कर्क्युमिन सर्वाधिक शोषतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाश. शिवाय उजेडात ते स्वतःच विघटित होतं.

बावचीची तर गोष्टच उलटी. तिच्यातली सोरालेनं कातडीला अतिनील किरणांपुढे हळवी करतात. कोडाच्या उपचारात हाच गुण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. बावचीचं तेल लावून उन्हात राबलं तर फोड उठू शकतात. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ म्हणणाऱ्यांना एवढं एक झाड पुरे.

निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या इकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळतात. माझ्या मते संशोधन व्हायला हवं ते या शर्टावर. साधा पांढरा सुती टी-शर्ट साधारण एक पंचमांश अतिनील किरण आत सोडतो. ओला झाला तर एक तृतीयांश. कापसाच्या अंगची रंगद्रव्यं ब्लीचिंगमध्ये निघून जातात, हेही त्यामागचं एक कारण. अमेरिकेतल्या हुस्टवेट आणि क्रूज यांनी २००५ मध्ये दाखवलं, की मुळातच तपकिरी किंवा हिरवट कापसाचं कापड ब्लीच केलेल्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त किरण अडवतं, आणि पुष्कळ धुण्यांनंतरही अडवतं. त्याआधी, २००४ मध्ये, अजय सरकार यांनी मंजिष्ठा आणि निळीने रंगवलेलं सुती कापड तपासलं होतं: रंग गडद, वीण घट्ट, तितकं संरक्षण जास्त. पळसफुलांचा रंग तुरटी लावून जाड सुतावर चढवणं आणि मोजणं हे क्रीम सिद्ध करण्यापेक्षा सोपं काम आहे.

रंगीत कापूस आपल्याकडेही आहे. ‘वैदेही-९५’ हे त्यातलं नावाजलेलं तपकिरी वाण. अडचण पुढे येते. धागा आखूड, उतारा कमी, शेजारच्या पांढऱ्या कपाशीशी परागसंकर होण्याची धास्ती. जिनिंगमध्ये चार बोंडं मिसळली तरी पांढऱ्याचा भाव पडतो. खरेदीचा लेखी करार आणि वेगळं जिनिंग ठरल्याशिवाय नेरच्या शेतकऱ्याने त्याचं एक तासही लावू नये.