स्वभावाचे निदान आणि त्याची नोंद

मनुष्यस्वभावाचे प्रकार अगणित आहेत. कोणी शीघ्रकोपी असतो, कोणी एकलकोंडा, तर कोणी कमालीचा काटेकोर. एवढ्यावरून कोणास रोगी म्हणता येत नाही. मग निव्वळ स्वभाव आणि व्यक्तिमत्त्वविकार यांमधील सीमारेषा कोठे आखावयाची?

दिल्लीतील शाहदरा येथे १९६६ साली मनोरुग्णालय सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर १९९३ मध्ये त्याचे रूपांतर मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या ‘इहबास’ या संस्थेत झाले. दिल्लीत अनेक प्रांतांचे लोक वसले असल्यामुळे हा प्रश्न तेथील वैद्यांपुढे अधिकच बिकट होतो. कारण एका समाजात विचित्र भासणारे वर्तन दुसऱ्या समाजात रूढ असू शकते.

तपासणीचा आरंभ शरीरापासून होतो. मेंदूच्या पुढील भागास इजा झाल्यास शांत मनुष्यही उतावळा बनू शकतो. मद्यपानानेही वर्तन पालटते. अशी कारणे दूर सारल्यावर रुग्णाचा जीवनवृत्तांत पाहावयाचा. वर्तनाची ही घडण तारुण्याच्या आरंभापासून आहे काय? ती घरी, कामाच्या ठिकाणी आणि मित्रमंडळींतही दिसते काय? तिच्यामुळे स्वतःस वा इतरांस क्लेश होतात काय? एका भेटीत याची उत्तरे मिळत नाहीत. म्हणून आप्तांचेही म्हणणे ऐकावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या विकारांचे पृथक् प्रकार होते. परंतु पुष्कळ रुग्ण कोणत्याच एका प्रकारात नीट बसत नसत. त्यांच्यासाठी ‘मिश्र’ व ‘अनिर्दिष्ट’ असे वर्ग ठेवावे लागले. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने ही रीत बदलली. आता प्रथम विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवून मग ठळक स्वभावलक्षणे नमूद करतात.

निदानाइतकेच महत्त्व नोंदीस आहे. ‘रुग्ण भांडखोर आहे’ हा केवळ अभिप्राय झाला, ‘दोन वर्षांत वादामुळे तीन नोकऱ्या सोडल्या, माहिती भावाने दिली’ ही नोंद झाली. पहिल्या वाक्याने पुढील वैद्याचे मन कलुषित होते. दुसरे त्यास पडताळून पाहता येते. निश्चिती नसल्यास निदान तात्पुरते आहे, असे स्पष्ट लिहावे.

अशा दक्षतेअभावी निरपराध माणसावर आयुष्यभराचा शिक्का बसतो. समलैंगिकता ही एके काळी याच वर्गीकरणात विकार म्हणून गणली जात असे. १९९० साली ती वगळण्यात आली. भारतात २९ मे २०१८ रोजी अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, केवळ समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी न जुळणाऱ्या वर्तनावरून कोणास मनोरुग्ण ठरविता येत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढेच कारणही त्यास पुरेसे नाही. आपली वैद्यकीय नोंद पाहण्याचा व ती गोपनीय राखली जाण्याचा हक्कही रुग्णास आहे.

वैद्यास जी सावधगिरी आवश्यक वाटते, ती सामान्य नागरिकानेही बाळगावी. शेजाऱ्यास ‘विक्षिप्त’ म्हणणे सोपे असते. त्याचे दुःख ओळखून त्यास योग्य उपचारांपर्यंत पोहोचविणे हे अधिक हिताचे होय.