गच्चीवरची शाळा

मुलींच्या शिक्षणासाठी कॅथलिक भगिनींनी आपल्या देशात मोठे काम केले, याविषयी दुमत नाही. मात्र त्या कामाची जुनी रीत पुष्कळ ठिकाणी अशी की, फी भरणाऱ्या मुलींसाठी एक शाळा आणि गरिबांच्या मुलींसाठी दुसरी, धर्मादाय. अक्षरओळख दोघींना झाली. दोघींची गाठ मात्र पडली नाही. एका शाळेने ही भिंत कशी पाडली, ते सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कलकत्त्यात सियालदह स्टेशनाजवळ लोरेटो डे स्कूल आहे. १९७९ साली सिस्टर सिरिल मूनी या आयरिश भगिनी तेथे मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हा ७९० मुलींच्या पटावर गरीब घरच्या अवघ्या ९० होत्या. पुढील वीसएक वर्षांत पट १,४०० वर गेला आणि त्यांतल्या निम्म्या मुली गरीब घरच्या झाल्या. वर्ग तोच, बाक तोच, गणवेशही तोच.

एवढ्याने भागले नाही. फलाटावर वाढलेली दहा वर्षांची मुलगी पहिलीतल्या चिमुरड्यांत बसणार नाही, आणि तिच्या वयाच्या वर्गात तिला काही उमगणार नाही. शिवाय पोटासाठी धडपडणारीने रोज घंटेच्या ठोक्याला हजर व्हावे तरी कसे? तेव्हा अशांसाठी शाळेची गच्ची मोकळी केली. जमेल तेव्हा यावे, जमेल तितके शिकावे. यांना ‘रेनबो’ मुले म्हणत. शिकवणार कोण? पाचवी ते दहावीच्या मुली! कार्यानुभवाच्या तासाला एकेका वर्गाने पाळीपाळीने वर जायचे. एकीने एकीला शिकवायचे. वर्गांचे तास वेगवेगळे, म्हणून शिकवणाऱ्यांची वाण पडत नसे. पुरेशी तयारी झाली की मुलगी आपल्या वयाच्या वर्गात रीतसर दाखल होई.

‘मग आमच्या मुलीच्या अभ्यासाचे काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. विचारणाऱ्यास हिणवू नये. पण ज्याने कोणाला भागाकार शिकवला आहे, त्याला ठाऊक असते की समजावताना आपलेच कच्चे उघडे पडते. तो तास फुकट गेला, असे आम्हांस वाटत नाही.

सिस्टर सिरिल २०२३ साली निवर्तल्या. त्यांनी हे काम हाती घेतल्यावर तीस वर्षांनी, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्यास सांगितले. आपल्या राज्याने २०२४ साली, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती सूट रद्द केली.