अंतःस्रावांचा कारभार : लेखांक सातवा
कोठार आणि कुंपण

गेल्या लेखांकात श्वासनलिकेला बिलगून बसलेल्या थायरॉइड ग्रंथीचा कारभार आपण पाहिला. आज, जो कागद हाती येताच वरूडच्या एखाद्या घरात बोलणी एकाएकी थांबतात, त्या रक्ततपासणीच्या कागदावरील दोन आकड्यांचा विचार करावयाचा आहे. एक आकडा थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांचा, दुसरा एएमएच नामक संप्रेरकाचा; आणि ते शेजारी शेजारी छापलेले आहेत एवढ्याच पुराव्यावर, पहिल्याने दुसऱ्याचा घात केला, असा निवाडा वडीलधारी मंडळी परस्पर देऊन मोकळी होतात.

हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध उभे राहिलेले प्रतिपिंड असतात, हे लंडनच्या संशोधकांनी दाखविले ते १९५६ साली. शरीर स्वतःवर उलटत नाही, ही तोवरची समजूत. येथे तर कुंपणच शेत खात होते. प्रजननक्षम वयातील सुमारे दहापैकी एका स्त्रीत हे प्रतिपिंड आढळतात, आणि त्यांतील बहुतेकींची ग्रंथी वर्षानुवर्षे आपले काम बिनतक्रार बजावीत असते.

बीजकोशाचे कोठार मात्र मातेच्या उदरातच भरते. गर्भाच्या पाचव्या महिन्यात तेथे साठसत्तर लाख बीजे असतात, जन्मसमयी दहा ते वीस लाख उरतात, आणि ऋतुप्राप्तीपर्यंत तीनचार लाख. पुढे जमेच्या बाजूस काही पडत नाही, केवळ खर्च. एएमएच हे वाढीस लागलेल्या बारीक बीजपुटकांतून स्रवते, म्हणजे बाजारात आलेल्या मालावरून कोठारातील शिल्लकेचा तो अदमास. आंबिया बहाराची संत्री झाडावर हिरवी असतानाच बागेतून फिरून सौदा करणारा व्यापारी फळांची संख्या अजमावतो, गोडी नव्हे. बीजाची गुणवत्ताही या आकड्यात दिसत नाही, ती मुख्यत्वे वयाच्या हाती असते. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या तीस ते चव्वेचाळीस वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांच्या २०१७ सालच्या पाहणीत, आकडा कमी असलेल्यांच्या नैसर्गिक गर्भधारणेत उणेपणा आढळला नाही. (हे आमच्याकडच्या सासवांना कोणी वाचून दाखवील काय?)

आता दोहोंचा संबंध. चाळिशीपूर्वीच ज्यांचा बीजकोश थकतो, त्यांच्यात थायरॉइडचा हा विकार अधिक आढळतो, हे निर्विवाद. पण सर्वसाधारण स्त्रियांत प्रतिपिंडांमुळे शिल्लक घटते की नाही, याविषयी अभ्यासांची साक्ष परस्परविरुद्ध आहे. थायरॉइडचेच संप्रेरक असलेल्या थायरॉक्सिनच्या गोळीने प्रतिपिंडांचा बंदोबस्त होईल, ही आशाही फोल. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ग्रंथीचे काम सुरळीत असलेल्या, पण प्रतिपिंड बाळगणाऱ्या ९५२ स्त्रियांपैकी काहींना थायरॉक्सिन व इतरांना नकली गोळी दिली, तेव्हा जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण अनुक्रमे ३७.४ आणि ३७.९ टक्के भरले.

ग्रंथीच मंदावली असेल तर मात्र प्रश्न निराळा : पाळी अनियमित होते, बीज सुटत नाही, गर्भ टिकण्यास धोका पोचतो, आणि तेथे थायरॉक्सिनची तीच गोळी अत्यावश्यक ठरते. ती अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाची. लोहाची वा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. गरोदरपणी या मात्रेत कोणता फेर करावा लागतो, ते पुढील लेखांकी.