काठावरच्या आठवणी : भाग ५
साल विचारू नका

‘आजोबा, १९४४ साली माझगाव कसं होतं?’ पहिल्या मुलाखतीत मी हा प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, ‘चांगलं होतं.’ मग चहा आला. त्या रेकॉर्डिंगमध्ये बशीचा आवाज तेवढा स्पष्ट आहे.

चूक माझीच होती. गोदीकाठच्या जुन्या माणसांची कालगणना सालांवर चालत नाही. ‘गोदीचा स्फोट झाला तेव्हा मी पहिलीत होतो’, ‘रामदास बुडाली त्या पावसात धाकटा झाला’, अशी ती चालते. तेव्हा साल आपण शोधायचं. त्यांना विचारायचं, तुम्ही कुठे होतात?

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ फुटली. बोटीत कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. स्फोट कसा झाला हे आजोबांना विचारू नका, ते छापलेलं आहे. ती रात्र कुठे काढली, स्वयंपाक कोणाच्या घरी झाला, परत आल्यावर दार जागेवर होतं का, हे विचारा. युद्धामुळे वर्तमानपत्रांवर बंधनं होती. जपान्यांनी बॉम्ब टाकले असं समजून पळालेल्या माणसांना काय वाटलं, ते छापून यायला तेव्हा वावच नव्हता. ते फक्त डोक्यात राहिलं.

सोन्याच्या विटेची गोष्ट मात्र प्रत्येक जण सांगतो. विटा उडाल्या हे खरंच आहे. पण प्रत्येक चाळीत एक पडली म्हणायचं, तर बोटीत दुसरं काही नव्हतंच म्हणावं लागेल! हसू नका आणि खोडूही नका. ‘तुम्ही स्वतः पाहिलीत, की ऐकलंत?’ एवढंच हळूच विचारा आणि उतारा लिहिताना पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. ऐकलेलं म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. वस्ती आपापसांत काय बोलत होती, हे त्यातूनच कळतं.

आठवण तपासायची कशी? एका आजींनी रामदास बोटीबद्दल सांगताना म्हटलं, ‘दिव्यांची अवस तोंडावर होती, पण श्रावण अधिक होता, म्हणून सणवार पुढे गेले होते.’ साल त्यांना आठवत नव्हतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या वर्षीचं पंचांग काढलं, तर दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या आणि पुढे अधिक श्रावण. आजी बरोबर होत्या. तेव्हापासून माझ्या पिशवीत चार्जरसोबत जुन्या पंचांगांच्या झेरॉक्स प्रती असतात.

नावांचंही तसंच. दारूखान्याकडची कोळसा बंदर, लकडी बंदर ही नावं तिथे कोणता माल उतरत होता ते सांगतात. ‘हे बंदर’ ऐकून मी बराच वेळ ‘कोणतं?’ असं विचारत राहिलो होतो. हे म्हणजे ‘हे’ नव्हे, इंग्रजीतलं गवत. जुनं माणूस जे नाव घेईल तेच लिहा, आजचं नाव कंसात टाका. शक्य असेल तर एक कोरा कागद पुढे सरकवा आणि गल्ली काढून दाखवायला सांगा. बोलताना विसरलेला नळ, पिठाची गिरणी आणि गुत्ता हात चालू लागला की कागदावर येतात.

बैठक तासाच्या आत संपवा. पंखा बंद ठेवा, त्याची घरघर सगळं गिळते. आजोबा गप्प झाले तर पुढचा प्रश्न लगेच टाकू नका.

स्फोटाच्या वेळी सहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर पुढच्या भागाची वाट पाहू नका. या रविवारीच फोन करून वेळ घ्या.